अनोळखी उपकरण

सरकारी अर्जासाठी फोटो लहान करायचा असो, सही सांगितलेल्या मापात बसवायची असो, की मोबाइल भरला म्हणून लग्नाचे फोटो दुसरीकडे हलवायचे असोत, नवघरच्या त्या इमारतीतले लोक दुसऱ्या मजल्यावर परागकडे येत. पराग कोणाशी फार बोलत नसे. आलेला माणूस त्याच्या आईशी गप्पा मारत बसे आणि हा आतल्या खोलीत, खिडकीखालच्या जुन्या लॅपटॉपवर, त्या एका कामापुरता पाच-सात ओळींचा प्रोग्राम लिही. काम झाले की फाइल देई, मान हलवी आणि माणूस जाईपर्यंत पडद्याकडे पाहत राही. लिहिलेल्या ओळी मात्र तो पुसत नसे. ज्याच्यासाठी लिहिल्या त्याचे नाव देऊन त्या एका फोल्डरमध्ये ठेवी. माणसांशी त्याचे जे काही नाते होते, ते बहुतेक त्या फोल्डरमध्येच राहत होते.

गेल्या दिवाळीच्या सुमारास या घराला एक धक्का बसला. घरात दोघेच, तो आणि आई सुलू. गावच्या महिला मंडळातून बोलते आहे असे सांगून कोणा बाईने सुलूला फोन केला, मायेने चौकशी केली, मोबाइलवर आलेला आकडा विचारला, आणि सुलूने तो सांगितला. संध्याकाळपर्यंत तिच्या नावाने, तिच्या फोटोसकट, रत्नागिरीपासून डोंगरीपर्यंतच्या सगळ्या नातलगांना मदतीची याचना करणारे संदेश गेले. कोणी फसले, कोणी हसले, कोणी फोन करून जपून राहायला सांगितले, आणि हे सांगणेच तिला सर्वांत लागले. त्यानंतरच्या भाचीच्या साखरपुड्याला ती गेली नाही. "काय तोंड घेऊन जाऊ?" एवढेच म्हणाली. अख्ख्या मजल्याला विरजण पुरवणारी, हसती-बोलती बाई. आता फोन वाजला की पदराला हात पुसत नुसती उभी राही.

परागने तेव्हापासून घराला कड्या घालायला सुरुवात केली. त्या लोखंडी नव्हत्या, इतकेच. रोज फाइलींच्या प्रती काढणारा एक प्रोग्राम, संशयित संदेश बाजूला काढणारा एक. आईच्या मोबाइलवर नवे काही उघडताच येऊ नये अशी सोय. घराच्या वायफायवर कोणकोण आहे याची दर मिनिटाला मोजणी करणारा एक पहारेकरी. घरातली उपकरणे त्याला नावाने ठाऊक होती. बाकी जे कोणी येईल त्याच्यापुढे तो 'अनोळखी' असे लिही आणि परागच्या मोबाइलवर कळवी. गेल्या रविवारी परागने त्यात आणखी दोन ओळी घातल्या. आता तो नुसता कळवणार नव्हता. अनोळखी दिसला की त्याला बाहेर काढून मागे दार लावणार होता. हे सगळे ज्यावर चाले, त्या जुन्या लॅपटॉपपर्यंत बाहेरून यायची वाटही परागने स्वतःच बुजवून टाकली. जी वाट आपल्याला उघडी, ती दुसऱ्यालाही उघडी, असा त्याचा हिशेब होता.

एवढे करूनही त्याचे मन स्वस्थ होत नव्हते. कुलूप लावून निघालेल्या माणसाला अर्ध्या वाटेत कुलूप आठवावे, तसे त्याचे दिवसातून कितीदा तरी व्हायचे.

गुरुवारी तो वरसावेला होता. ज्या कंपनीचे संगणक तो सांभाळी, तिचे गोदाम तिकडे घोडबंदर रस्त्याला लागून होते. गोदामाचा कारभार पाहणारा जितेश भाई बिलाचा प्रिंटर बंद पडला म्हणून सकाळपासून त्याला फोन करत होता. प्रिंटर दुरुस्त होईपर्यंत दुपार कलली. बाहेर पुलाकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग लागली होती आणि त्यांच्या घरघरीने टेबलावरचा चहा थरथरत होता.

परागचे लक्ष घड्याळाकडे होते. आज तीन वाजता मानसीची मुलाखत होती.

मानसी समोरच्या दारातली. तिचे वडील श्रीपती पालिकेच्या बसवर चालक, आई वैजयंता शाळेत मदतनीस. परभणीकडून येऊन इथे स्थिरावलेले कुटुंब. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंग करत करत मानसी बी.कॉम. झाली होती. आजची नोकरी बसून करायची होती, टेबलाशी, डोक्याने. महिनाभरापूर्वी तिची सगळी प्रमाणपत्रे एका फाइलीत जोडून देताना परागने तिच्या बोटांवर पत्र्याच्या कडांनी उमटलेल्या बारीक रेघा पाहिल्या होत्या आणि नजर चोरली होती. "मैत्रिणीकडे बसून देणार आहे मुलाखत," ती म्हणाली होती. "आमच्या बाजूला ती नवी उंच बिल्डिंग झाल्यापासून मोबाइलला रेंजच नाही. खिडकीत उभं राहून मुलाखत देऊ का?" त्यावर हसावे की काही बोलावे, हे ठरेपर्यंत ती गेलीही होती.

तीनला थोडा वेळ असताना त्याच्या खिशात मोबाइल थरथरला.

'अनोळखी उपकरण. बाहेर काढले.'

इतक्या दिवसांत हे पहिल्यांदा. पासवर्ड ठाऊक असल्याशिवाय कोणी इथवर येऊ शकत नव्हते. म्हणजे कोणाला तरी पासवर्ड ठाऊक होता. त्याच्या डोळ्यांपुढे ती दिवाळीची संध्याकाळ आली, आईचा उतरलेला चेहरा आला. तो उठून गोदामाच्या दारात गेला.

पुन्हा थरथर. दुसरे उपकरण, दुसरी कंपनी. बाहेर काढले.

"साला," तो पुटपुटला. रूप बदलून येतोय. एक मोबाइल अडला तर दुसरा. कोणी पक्का माणूस दिसतो. भीतीच्या तळाशी त्याला एक चमत्कारिक समाधानही वाटत होते. त्याने लिहिलेल्या दोन ओळी भिंतीसारख्या उभ्या होत्या. बाहेर कोणी धडका देत होते आणि भिंत हलत नव्हती. दूर वरसावेला उभा राहून, एका शब्दानेही न बोलता, तो आपल्या आईचे रक्षण करत होता.

"क्या हुआ पराग भाई? गर्लफ्रेंड का मेसेज?" जितेश भाईने आतून विचारले.

"नाही… काम का है."

"काम का मेसेज पढ़के कोई ऐसे खड़ा रहता है?"

तिसरी थरथर. हे उपकरण आपले नाव सांगत होते. काही मोबाइल सांगतात; विकत घेताना दुकानातल्या पोराने जे नाव घालून दिले असेल, ते तसेच राहते. परागने वाचले आणि पुन्हा वाचले.

'Shripati Bus.'

श्रीपतीकाका आज दुपारी घरी? त्यांची तर दिवसपाळी. मग त्याच्या लक्षात आले की मुलीची मुलाखत म्हणून माणूस रजा टाकून घरी राहू शकतो. म्हणजे पहिला मोबाइल मानसीचा. दुसरा वैजयंतामावशींचा. एकेकाला नाकारले म्हणून घरातला एकेक जण आपला मोबाइल पुढे करत होता. आणि तो इथे उभा राहून त्यांना मोजत होता.

चौथी थरथर आली तेव्हा त्याने ती पाहिली नाही. आईला फोन लावला.

"आई, मानसी आपल्याकडे आहे?"

"अरे, तुला कसं कळलं?" सुलूचा आवाज घाबरा होता. "तिच्या मैत्रिणीकडे अचानक पाव्हणे आले. मघाशी जिन्यात भेटली, रडकुंडीला आलेली. मी म्हटलं, आमचं वायफाय घे गो बाय, त्यात काय! तुझा तो कागद होता ना कपाटात चिकटवलेला, तो दाखवला. पण लागतंय नि जातंय, लागतंय नि जातंय. आता कोणाचा तरी लॅपटॉप आणलाय, त्याच्यावर पण तेच. तू ओरडशील म्हणून तुला नाही केला फोन."

"आई—"

"मागितलं नव्हतं तिनं. मीच दिलं. ओरडायचं तर मला ओरड."

"तिला दे फोन."

पलीकडे कुजबुज झाली, बांगड्या वाजल्या, आणि मानसीचा आवाज आला. नेहमीचा खट्याळपणा त्यात नव्हता. "पराग, माझ्याच फोनमध्ये काहीतरी झालंय बहुतेक. मम्मीच्या पण नाही होत. सव्वातीनपर्यंतच वाट बघतात ते, मेलमध्ये लिहिलंय. मी काय चुकतेय?"

परागच्या मनात पहिला विचार आला की रिक्षा पकडावी. पण बाहेरची रांग तसूभरही सरकलेली नव्हती. इथून काशीमिऱ्याच्या नाक्यालाच सव्वातीन वाजले असते. आईच्या मोबाइलवरून मुलाखत उघडता येईना, कारण ती वाटही त्यानेच बंद केली होती. दुरून लॅपटॉप चालवता येईना, कारण तीही. ज्या ज्या दारावर त्याचे मन गेले, ते ते त्याने स्वतः, स्वतःच्या हाताने, मोठ्या काळजीने लावून घेतलेले होते.

"तुझं काही चुकत नाहीये," तो म्हणाला. "माझा प्रोग्राम तुम्हाला बाहेर काढतोय. आतल्या खोलीत जा. खिडकीखाली माझा लॅपटॉप आहे."

"तुझा?"

"हो. उघड तो. पासवर्ड मागेल."

ती गेली. पावलांचा आवाज, खुर्ची सरकल्याचा आवाज. "मागतोय."

आईला सुद्धा ठाऊक नसलेला शब्द होता तो. कोणालाही सांगायचा नाही, मरण आले तरी फोनवरून तर नाहीच, हे तो इमारतीतल्या प्रत्येकाला समजावत आला होता. जे काही मोजके बोलायचा, त्यात हेच बोलायचा. त्याच्या मागे जितेश भाई उभा होता, दोन हमाल उभे होते, ट्रकचा ड्रायव्हर चलनाची वाट पाहत होता.

"पराग? आहेस का?"

"फणस," तो म्हणाला.

"काय?"

"इंग्रजी अक्षरांत लिही. फणस. मग छोटी आडवी रेघ. कंदील. रेघ. ओहोटी. रेघ. शिडी."

"क्या रे, सब्ज़ी मंगवा रहा है?" जितेश भाई हसला. हमालही हसले.

"फणस-कंदील-ओहोटी-शिडी," मानसीने म्हटले, आणि एवढ्या घाईतही तिच्या आवाजात क्षणभर नवल उतरले. "झालं. काळा पडदा आहे नुसता. त्यावर काहीतरी लिहून येतंय."

"ते येऊ दे. डावीकडे फोल्डर आहे, 'कामं' म्हणून. त्यात जा."

"केवढी नावं आहेत यात! काकूंचं, तिसऱ्या मजल्यावरच्या रोहितचं, वॉचमनचं… पराग, इथे माझ्या नावाचं पण एक आहे."

त्याचे कान तापले. "ते नको. खाली जा. 'उघड' नावाचं आहे, ते दोनदा दाब."

"दाबलं."

"काय लिहून आलं?"

त्या प्रोग्रामने काय लिहिले असेल हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते, आणि ते आता तिच्या डोळ्यांसमोर होते.

"'अनोळखी एक, मोकळा,'" ती वाचू लागली. आवाज सपाट झाला होता. "'अनोळखी दोन, मोकळा. अनोळखी तीन, मोकळा.' त्याच्यापुढे बाबांचं नाव आहे. 'अनोळखी चार, मोकळा.'"

"मानसी, आता लाव. लगेच लाव."

"लावते," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

परागने जितेश भाईला काय कारण सांगितले ते त्याला पुढे आठवले नाही. तो रस्त्यावर आला, ट्रकांच्या रांगेच्या कडेने धुळीतून चालत सुटला, मग एक रिक्षा मिळाली. ती सरके, थांबे, सरके. मोबाइल त्याने हातात धरला होता. तो थरथरला नाही. थरथरला नाही याचा अर्थ ती आत होती, किंवा सव्वातीन वाजून गेले होते आणि आता कोणालाच आत यायचे नव्हते. शांततेचे असे दोन अर्थ होऊ शकतात हे त्याने कुठल्याही प्रोग्रामात कधी लिहिले नव्हते. आईला फोन करावा तर घंटी मुलाखतीत वाजेल. रिक्षावाल्याने आरशातून त्याच्याकडे पाहिले. "हॉस्पिटल है क्या कोई?" त्याने विचारले. पराग नाही म्हणाला. गोल्डन नेस्टच्या चौकात सिग्नल लागला तेव्हा तो उतरून पळत जावे की काय असा विचार करत होता, आणि पळत जाऊन तरी काय करणार होता?

घराचे दार लोटलेले होते. बाहेर जिन्याच्या पायरीवर श्रीपतीकाका बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पायांत बूट. मुलीची मुलाखत पडद्यावर असली तरी ते तयार झाले होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवले.

"लागलं का?" परागने अगदी हळू विचारले.

"लागलं. उशिराच लागलं, पण घेतलं त्यांनी." त्यांनी सरकून जागा दिली. पराग उभाच राहिला. मग ते मोबाइलकडे बघत म्हणाले, "माझ्या मोबाइलवरूनही बघ म्हणलं तिला. म्हणलं, माझा नवाय, लागंल. तर आम्हालाही नाही घेतलं बघ." ते हसले. त्या हसण्यात टोमणा होता की नव्हता, हे परागला ओळखता आले नाही, आणि तेच त्याला सर्वांत जड गेले.

आतून मानसीचा आवाज येत होता. इंग्रजी, सावकाश, प्रत्येक शब्द जपून ठेवत. मध्येच ती थांबे. ती थांबली की पायरीवरचे दोघेही थांबत. तळमजल्यावर कोणीतरी स्कूटर सुरू करू लागले तेव्हा श्रीपतीकाका कठड्यावरून वाकले आणि हाताने नुसते थांब म्हणाले, बस अडवावी तसे.

दार उघडून ती बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर केस चिकटले होते. मागे सुलू आणि वैजयंता.

"काय म्हणले?" वडिलांनी विचारले.

"कळवू म्हणाले. पहिल्यांदा विचारलं, उशीर का? मी सांगितलं, नेट नव्हतं. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं." मग ती परागकडे वळली. "अकरा वेळा केलं मी. प्रत्येक वेळी वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. दोन मिनिटं आधी चेहरा धुऊन, टिकली लावून बसलेली. आत गेले तेव्हा डोकं रिकामं झालेलं."

"आई तुला पासवर्ड देईल हे मला…"

"काकूंना मध्ये आणू नकोस."

"त्याचा पण काय दोष गो," सुलू म्हणाली. "माझ्यापायी केलंय त्यानं सगळं. मी तेव्हा ते आकडे सांगितले नसते—"

"काकू, तुम्ही चांगलं म्हणूनच सांगितलं होतं. आणि आज मला दिलंत, तेही तसंच." मानसीने ओढणीने कपाळ पुसले. "मला एवढंच कळत नाही, पराग. फोटो लहान करून देतोस, सर्टिफिकेटं जोडून देतोस. माझ्या नावाचं काहीतरी जपून ठेवतोस. आणि त्याच लॅपटॉपवर आमचं अख्खं घर अनोळखी. एक, दोन, तीन. समोरासमोर दारं आहेत आपली."

पराग कठड्याच्या गजाकडे पाहत होता. सांगण्यासारखे पुष्कळ होते. यंत्राला माणूस कळत नाही, त्याला नुसते आकडे दिसतात, हे खरे होते. पण आकड्यांपुढे तो शब्द यंत्राने शोधून काढलेला नव्हता. तो त्याने लिहिला होता. घरातली उपकरणे एकेक करून नावाने नोंदवताना समोरच्या दारातल्यांचीही नोंदवावीत हे त्याच्या मनातही आले नव्हते, आणि का आले नव्हते याचे जे उत्तर त्याला आता सुचत होते, ते नुसते लाजाळूपणाचे नव्हते, उंबऱ्याबाहेरचा प्रत्येकजण परका धरण्याचे होते. त्या उत्तराकडे नीट पाहायला तो घाबरला.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"हं," मानसी म्हणाली. वैजयंतामावशींनी तिचा हात धरला आणि समोरचे दार लागले.

पुढच्या आठवड्यात त्याचे कामात लक्ष लागेना. कंपनीच्या संगणकावर बसल्या बसल्या तो उगाच घरचा विचार करी; संध्याकाळी जिना चढताना समोरच्या दाराशी पावले हळू करी. हाकलण्याच्या त्या दोन ओळी त्याने त्याच दिवशी पुसल्या होत्या. पहारेकरी अजून होता, पण तो आता फक्त सांगत होता. आणि सांगण्यासारखे काही घडत नव्हते. समोरून कोणी वायफायला आले नाही. आईने दोनदा विचारले, "तिला म्हणू का, ये म्हणून?" आणि दोन्ही वेळा तो नाही म्हणाला, कारण ते आईने म्हणायचे नव्हते, एवढे त्याला कळत होते. स्वतः म्हणायचे तर काय, ते मात्र कळत नव्हते.

त्यानंतरच्या सोमवारी संध्याकाळी मानसीच आली. उंबऱ्याबाहेर उभी राहिली. कारखान्यातून आली होती. पायांत चपला, खांद्याला डब्याची पिशवी.

"नाही झालं," ती म्हणाली.

तो खुर्चीतून उठला. "उशीर झाला म्हणून?"

"लिहिलेलं नाही काही. 'खेद आहे' एवढंच. चार ओळींचा मेल." तिने खांदे उडवले. "उशीर झाला म्हणून असेल. माझं इंग्रजी म्हणून असेल. दुसरं कोणी चांगलं मिळालं असेल. तुला वाटतं तसं कारण नेहमी लिहून येत नाही, पराग."

ते कारण आता कधीच कळणार नव्हते. ते पुसता येणार नव्हते, दुरुस्त करता येणार नव्हते. ते तसेच, उत्तराशिवाय, त्याच्याजवळ राहणार होते. आत सुलूने गॅस बारीक केला आणि ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली.

"आणखी एक आहे," मानसी म्हणाली. "शुक्रवारी, अकराला. दुसरी कंपनी. मैत्रिणीकडे जाऊ शकते मी. पण तिचा भाऊ अनिश मागे टीव्ही लावून बसतो."

ती एवढेच बोलली आणि थांबली. विचारणे तिने अर्धेच केले होते. उरलेले त्याच्यावर सोडले होते. त्याला वाटले, आता मान हलवली तरी चालेल, तिला कळेल, सगळ्यांना नेहमी कळते. त्याने मान हलवली नाही.

"इथे दे," तो म्हणाला. आवाज चिरका निघाला, म्हणून त्याने पुन्हा सुरुवात केली. "इथे दे मुलाखत. आतल्या खोलीत बस, खिडकीपाशी उजेड चांगला येतो. मी सुट्टी घेतो. म्हणजे, खोलीत नाही थांबणार मी. आदल्या दिवशी एकदा लावून बघू, तुझा मोबाइल, मावशींचा, काकांचा, सगळ्यांचे. आणि पहिल्यांदा काय विचारतात ते मला सांग, मी विचारतो तुला, तू उत्तर दे. मला इंग्रजी बोलता येत नाही नीट. पण प्रश्न विचारता येतील."

सुलू दारात तोंडाला पदर लावून उभी होती. तिने पोराला एका दमात इतके बोलताना कधी ऐकले नव्हते.

मानसी त्याच्याकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर क्षमा होती असे म्हणता येणार नाही. थकवा होता, आणि थकव्याच्या कडेला थोडेसे कुतूहल. तिने चपला काढल्या, पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवली.

"विचार," ती म्हणाली.